‘मिळेल का हो प्रवेश?’ अमेरिकेतल्या चुरशीच्या विद्यापीठांचा अंदाज कसा बांधायचा

हार्वर्डच्या प्रवेशपद्धतीवरचा खटला कोर्टात उभा राहिला, तेव्हा एरवी कधीच बाहेर न येणारी माहिती लोकांसमोर आली. २०१५ साली दाखल होणाऱ्या तुकडीसाठी फक्त अमेरिकेतूनच सुमारे २६,००० अर्ज आले होते. त्यांतल्या ८,०००हून जास्त मुलांचा जीपीए, म्हणजे शाळेतल्या गुणांची सरासरी, पैकीच्या पैकी होता. सॅट या प्रवेश परीक्षेच्या गणितात पूर्ण ८०० मिळवणारी मुलं ३,४०० तरी होती आणि भाषेच्या भागात पूर्ण ८०० मिळवणारी सुमारे २,७००. जागा होत्या १,६००च्या आसपास.

कुणी आपल्या मुलाची गुणपत्रिका घेऊन ‘मिळेल का हो प्रवेश?’ असं विचारलं, की मी आधी हे आकडे समोर ठेवते. घाबरवण्यासाठी नाही. प्रश्न ज्या पद्धतीने विचारला जातो तीच मुळात चुकते, हे यातून लगेच कळतं. मूल हुशार आहे का, याचं उत्तर गुणपत्रिका देते. पण प्रवेशाची शक्यता हा मुलाचा गुणधर्म नसतो. मुलाचा अर्ज ज्या गठ्ठ्यात जाऊन पडतो, त्या गठ्ठ्यातलं त्याचं स्थान म्हणजे शक्यता. तेच मूल, तेच गुण, तोच निबंध, पण गठ्ठा बदलला की शक्यता दुपटीने वाढते किंवा निम्म्यावर येते. म्हणून अंदाज बांधताना आधी गठ्ठा शोधायचा आणि मगच मुलाकडे बघायचं. बहुतेक घरांत हे नेमकं उलट्या क्रमाने होतं.

पहिली पायरी: गठ्ठा शोधा

वर्तमानपत्रात छापून येतो तो दर सगळ्या अर्जदारांचा मिळून असतो. २०२४च्या वसंतात हार्वर्डने ५४,००८ अर्जांतून १,९३७ जणांना प्रवेश दिला, म्हणजे साधारण ३.६ टक्के. हा आकडा खरा आहे, पण तो तुमच्या मुलाचा आकडा नाही. त्यात किमान चार गठ्ठे एकत्र झालेले असतात.

पहिला फरक नागरिकत्वाचा. एमआयटी आपल्या संकेतस्थळावर अमेरिकी नागरिकांचे आणि परदेशी विद्यार्थ्यांचे आकडे वेगवेगळे देते. परदेशी अर्जदारांचा दर अमेरिकी अर्जदारांच्या निम्म्याहूनही कमी असतो. मूल पुण्यातून अर्ज करत असेल, तर एकूण दराकडे बघून काहीच कळत नाही.

दुसरा फरक राज्याचा. हा सरकारी विद्यापीठांत मोठा असतो. ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात कायद्यानेच पहिल्या वर्षाच्या किमान ९० टक्के जागा टेक्सासच्या रहिवाशांना जातात, आणि त्यांतल्याही बहुतेक जागा आपापल्या शाळेत अगदी वरच्या काही टक्क्यांत असणाऱ्या मुलांना आपोआप मिळतात. डॅलसमधल्या मुलीचा आणि न्यू जर्सीतल्या मुलीचा अर्ज इथे एका स्पर्धेत नसतोच.

तिसरा फरक विषयाचा, आणि आपल्या घरांत सर्वांत जास्त चूक इथेच होते. इलिनॉय विद्यापीठाच्या अर्बाना-शॅम्पेन आवारात एकूण अर्जदारांपैकी ४० टक्क्यांच्या आसपास मुलांना प्रवेश मिळतो. तिथल्याच संगणकशास्त्रात हा दर एक आकडी आहे. ‘इलिनॉय तर सहज मिळेल’ म्हणून सेफ्टीच्या (जवळपास नक्की मिळणाऱ्या नावांच्या) रकान्यात टाकलेलं नाव, मूल संगणकशास्त्रासाठी अर्ज करत असेल तर, खरं म्हणजे रीचच्या (मिळणं अवघड अशा नावांच्या) रकान्यात जायला हवं. विद्यापीठ थेट विषयाला प्रवेश देतं की आधी सर्वसाधारण प्रवेश देऊन विषय नंतर निवडू देतं, हे प्रत्येक नावापुढे लिहून ठेवा. आणि ‘सोप्या विषयाने आत शिरायचं, मग संगणकशास्त्रात उडी मारायची’ हा बेत आखण्याआधी त्या विद्यापीठात विषय बदलण्याचे नियम काय आहेत ते वाचा. कित्येक ठिकाणी ते दार आता जवळपास बंद आहे.

चौथा फरक म्हणजे आरक्षण नसलेल्या राखीव जागा. खासगी विद्यापीठांत क्रीडा प्रशिक्षकांनी निवडलेले खेळाडू, माजी विद्यार्थ्यांची मुलं, प्राध्यापकांची मुलं आणि देणगीदारांशी संबंधित मुलं यांचा वेगळा विचार होतो. हार्वर्डच्या खटल्यात असं दिसलं, की अशी मुलं अर्जदारांत जेमतेम ५ टक्के होती, पण प्रवेश मिळालेल्यांत सुमारे ३० टक्के. आता त्याचा हिशेब करू. उरलेल्या ९५ टक्के अर्जदारांना ७० टक्के जागा. ७० भागिले ९५ म्हणजे ०.७४. ज्या मुलाला यातला कुठलाच आधार नाही, त्याचा दर छापील दराच्या सुमारे तीन चतुर्थांशच असतो. एमआयटीसारखी काही विद्यापीठं माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना झुकतं माप देत नाहीत, तिथे हे गणित लावायचं नाही.

कॉमन डेटा सेट उघडा

जे पालक या कामात एक संध्याकाळ घालवायला तयार असतात, त्यांना मी एकच गोष्ट सांगते: विद्यापीठाच्या नावापुढे ‘कॉमन डेटा सेट’ लिहून शोधा. बहुतेक मोठी विद्यापीठं दरवर्षी एकाच नमुन्यात ही माहिती जाहीर करतात. तीस-चाळीस पानं असतात. त्यांतला ‘सी’ विभाग प्रवेशाचा. पैसे घेणाऱ्या सल्लागारांकडचीही निम्मी माहिती इथूनच आलेली असते.

सी १ मध्ये अर्ज किती, प्रवेश किती आणि प्रत्यक्ष दाखल किती ते सापडतं. मुलगे आणि मुली यांचे आकडे वेगळे असतात, तेही बघा. अभियांत्रिकीवर भर असलेल्या संस्थांत आणि लहान लिबरल आर्ट्स (मुख्यतः पदवीपर्यंतचं सर्वांगीण शिक्षण देणाऱ्या) कॉलेजांत हा फरक डोळ्यांत भरण्याइतका असू शकतो. अलीकडच्या आवृत्त्यांत राज्यातले, राज्याबाहेरचे आणि परदेशी असे वेगळे रकानेही असतात. ते भरलेले असतील तर तुमचं अर्धं काम झालं.

सी ७ हा माझा सर्वांत आवडता तक्ता. अभ्यासक्रमाची काठिण्यपातळी, जीपीए, परीक्षेचे गुण, निबंध, शिफारसपत्रं, उपक्रम, अर्जदाराने दाखवलेली आवड अशा प्रत्येक गोष्टीपुढे विद्यापीठ स्वतः खूण करतं: फार महत्त्वाची, महत्त्वाची, विचारात घेतली जाते किंवा घेतली जात नाही. ‘अर्जदाराने दाखवलेली आवड’ या ओळीवर महत्त्वाची अशी खूण असेल, तर माहिती सत्राला हजर राहणं आणि मुलाखतीची संधी घेणं यांना खरंच वजन आहे. तिथे ‘विचारात नाही’ असेल, तर केवळ तोंड दाखवायला आवारात जाण्यासाठी विमानाची तिकिटं काढू नका.

सी ९ मध्ये सॅट आणि तिच्यासारख्याच एसीटी या परीक्षेचे २५वा, ५०वा आणि ७५वा शतमक दिलेले असतात (२५वा शतमक म्हणजे ज्याच्या खाली पंचवीस टक्के मुलं असतात तो गुण). इथे एक सापळा आहे. शेजारीच, दाखल झालेल्यांपैकी किती टक्के मुलांनी गुण पाठवले, हेही लिहिलेलं असतं. ज्या विद्यापीठात गुण पाठवणं ऐच्छिक आहे, तिथे चांगले गुण असणारेच ते पाठवतात. म्हणजे ४५ टक्के मुलांनीच गुण पाठवले असतील, तर तिथला २५वा शतमक हा त्या पंचेचाळीस टक्क्यांचा २५वा शतमक झाला, सगळ्या वर्गाचा नाही. तो आकडा बघून मूल खचतं, आणि त्याला काहीच कारण नसतं.

परीक्षांचे नियम गेल्या काही वर्षांत इतके बदललेत, की चुलतभावाच्या अनुभवावर विसंबू नका. एमआयटीने मार्च २०२२ मध्ये सॅट किंवा एसीटी पुन्हा सक्तीची केली. २०२४ मध्ये डार्टमाउथ, ब्राउन, हार्वर्ड आणि कॅलटेक यांनीही प्रवेश परीक्षा परत आणल्या. उलट युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाची सगळी आवारं हे गुण बघतच नाहीत, १६०० पाठवले तरी नाहीत. लॉस एंजलिसच्या आवारात दीड लाखाच्या आसपास अर्ज येतात आणि नऊ टक्क्यांच्या आसपास मुलांना प्रवेश मिळतो. तिथला अंदाज बांधताना सॅट बाजूला ठेवून शाळेतले गुण, विषयांची निवड आणि तिथले चार छोटे निबंध यांवरच विचार करावा लागतो.

सी २१ मध्ये अर्ली डिसिजनचे आकडे असतात. त्याबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं.

अर्ली डिसिजनचं गणित

अर्ली डिसिजन म्हणजे नोव्हेंबरच्या सुरुवातीला अर्ज, डिसेंबरच्या मध्यावर निकाल, आणि मिळालं तर तिथेच जाण्याचं बंधन. छापील दर बघून डोळे दिपतात. समजा, एका विद्यापीठाकडे २०,००० अर्ज आले आणि २,००० जणांना प्रवेश मिळाला. एकूण दर १० टक्के. सी २१ सांगतं, की त्यांतले ३,००० अर्ज अर्ली डिसिजनचे होते आणि त्यांतून ७५० जणांना घेतलं. हा झाला २५ टक्के दर. मग नियमित फेरीत उरले १७,००० अर्ज आणि १,२५० जागा, म्हणजे ७.४ टक्के. (डिसेंबरात पुढे ढकललेले अर्ज नियमित फेरीतही मोजले जातात, म्हणून हा आकडा ढोबळच धरायचा.)

पण त्या ७५० मध्ये दीडशे खेळाडू असतील, तर त्यांचा निर्णय आधीच ठरल्यात जमा होता. ते वजा केले की २,८५० मधून ६००, म्हणजे २१ टक्के. माजी विद्यार्थ्यांची मुलंही याच फेरीत जास्त असतात. ती वजा केली की दर आणखी खाली येतो. तरीही तो बहुधा साडेसात टक्क्यांच्या वरच राहतो. म्हणून अर्ली डिसिजनचा फायदा खरा असतो, पण छापलेला दर सुचवतो तेवढा मोठा नसतो. ज्याचे गुण त्या विद्यापीठाच्या पट्ट्यात बसतात, त्याला हा फायदा मिळतो. पट्ट्याच्या खूप खाली असलेल्या मुलाने एकमेव अर्ली अर्ज तिथे खर्च करू नये.

हार्वर्ड, येल, प्रिन्सटन आणि स्टॅनफर्ड यांची अर्ली फेरी बंधनकारक नसते, पण तेव्हा इतर खासगी विद्यापीठांत अर्ली अर्ज करता येत नाही. त्यामुळे तिथे अर्ज करण्याची किंमत म्हणजे दुसरीकडे सोडलेला अर्ली डिसिजनचा फायदा. स्वप्न पाच टक्क्यांचं असेल आणि शेजारी वीस-पंचवीस टक्क्यांचं दुसरं आवडतं दार उघडं असेल, तर घरात बसून शांतपणे बोलण्याची हीच वेळ.

दुसरी पायरी: मुलाची फाइल अनोळखी माणसासारखी वाचा

आता मुलाकडे वळू. प्रवेश अधिकारी सर्वांत आधी उतारा, म्हणजे नववीपासूनची गुणपत्रिका, उघडतो आणि तिच्यासोबत शाळेची माहिती पुस्तिका ठेवतो. शाळेत किती प्रगत विषय उपलब्ध होते, त्यांतले मुलाने किती घेतले, हे तो ताडून बघतो. कॉमन ॲपवर (अनेक विद्यापीठांना एकच अर्ज पाठवायच्या संकेतस्थळावर) शाळेच्या समुपदेशकाला एक प्रश्न असतो: या विद्यार्थ्याची विषयनिवड तुमच्या शाळेत किती कठीण धरली जाते? सर्वांत वरचा पर्याय ‘सर्वाधिक कठीण’ असा आहे. तुमच्या मुलासाठी कुठला पर्याय निवडला जाईल, हे समुपदेशकाला सरळ विचारा. चुरशीच्या विद्यापीठांसाठी त्याखालचा पर्याय म्हणजे सुरुवातीलाच मागे पडणं.

दुसरा प्रश्नही समुपदेशकालाच: गेल्या चार-पाच वर्षांत आपल्या शाळेतून या विद्यापीठात कोणत्या गुणांच्या मुलांना प्रवेश मिळाला आणि कुणाला नाकारला? अमेरिकेतल्या अनेक शाळांकडे याचे आलेख तयार असतात. राष्ट्रीय सरासरीपेक्षा या आलेखावरचे पंधरा-वीस ठिपके जास्त खरं सांगतात, कारण अधिकारी तुमच्या शाळेला त्यातूनच ओळखत असतो. मात्र त्यातला एखादा कमी गुणांचा ‘प्रवेश’ बघून हुरळू नका. तो खेळाडू होता का, हे आलेख सांगत नाही.

भारतातल्या बोर्डांतून अर्ज करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. बारावीचा निकाल येतो तेव्हा नियमित फेरीचे निर्णय लागून गेलेले असतात. निर्णय नववी ते अकरावीच्या गुणांवर आणि शाळेने दिलेल्या अपेक्षित गुणांवर होतो. ‘बारावीत जोर लावीन’ हे इथे चालत नाही. आणि टक्केवारीचं ४ पैकी जीपीएत रूपांतर स्वतः करू नका. अधिकारी त्या बोर्डाचे गुण तसेच वाचतात.

उपक्रमांचं मोजमाप घरच्यांना सर्वांत अवघड जातं. कॉमन ॲपवर दहा उपक्रमांची जागा असते आणि प्रत्येकाच्या वर्णनाला १५० अक्षरं. ती दहा जागा भरणं हे कुठल्याच अर्थाने यश नाही. मी प्रत्येक उपक्रमापुढे एकच प्रश्न लिहायला सांगते: हे मूल तिथे नसतं, तर काय झालं नसतं? गणित मंडळाची अध्यक्ष नसती, तर दुसरी कुणी झाली असती. पण आजोबांच्या अर्धांगवायूनंतर बोलण्याचे व्यायाम रेकॉर्ड करून जी मुलगी ते तीन वर्षं दवाखान्यातल्या इतर रुग्णांना देत राहिली, तिच्याशिवाय ते झालंच नसतं. त्यानंतर पातळी बघा: शाळेपुरतं, गावापुरतं, राज्यभर की देशभर. हार्वर्डमध्ये शैक्षणिक, उपक्रम, खेळ आणि व्यक्तिमत्त्व अशा बाबींना १ ते ६ असे अंक दिले जातात आणि १ सर्वांत चांगला. शाळेतला उत्तम नेता तिथे १ नसतो. पालकांनी ही गोष्ट मनाला लावून घ्यायची नाही. तो फक्त मोजपट्टीचा फरक आहे.

निबंधाचा अंदाज आईवडिलांनी बांधूच नये, कारण ओळींमधल्या रिकाम्या जागा ते आपल्या आठवणींनी भरतात. मुलाला अजिबात न ओळखणाऱ्या एखाद्या वाचत्या माणसाला तो ६५० शब्दांचा निबंध द्या. दुसऱ्या दिवशी विचारा, ‘या मुलाबद्दल काय आठवतंय?’ उत्तर ‘मेहनती आहे’ एवढंच आलं, तर निबंध सरासरी आहे असं धरा. शिफारसपत्र तर दिसतही नाही. तिथे एवढंच बघता येतं, की अकरावीतल्या मुख्य विषयाच्या शिक्षकाला मुलाबद्दल एक ठोस प्रसंग सांगता येईल का.

पैशाचा प्रश्न शक्यतेचाच भाग आहे

परदेशी अर्जदारासाठी तर तो फारच मोठा. हार्वर्ड, येल, प्रिन्सटन, एमआयटी, ॲमहर्स्ट, डार्टमाउथ, बोडन अशी मोजकी विद्यापीठं परदेशी विद्यार्थ्याचाही निर्णय घेताना त्याला आर्थिक मदत लागेल का हे बघत नाहीत. बाकीच्या बहुतेक ठिकाणी मदतीच्या रकान्यात ‘हो’ लिहिलं, की अर्ज वेगळ्या आणि जास्त चुरशीच्या गठ्ठ्यात जातो. कॉमन डेटा सेटच्या ‘एच’ विभागात किती परदेशी विद्यार्थ्यांना सरासरी किती डॉलर मदत मिळाली ते दिलेलं असतं. अनेक खासगी विद्यापीठांचा वर्षाचा एकूण खर्च ८०,००० डॉलरच्या पुढे गेला आहे. तेव्हा ‘हो’ लिहायचं की नाही, हे मनाच्या इच्छेने नाही तर बँकेच्या पासबुकाने ठरवा. गरज असूनही ‘नाही’ लिहून प्रवेश मिळवला, तर नंतर मदत मागता येईल याची बहुतेक ठिकाणी शाश्वती नसते. प्रवेश हातात आणि पैसे नाहीत, हे मुलासाठी नकारापेक्षा जास्त कठीण असतं. मी ते जवळून पाहिलंय.

आकडा नको, पट्टा लिहा

गठ्ठ्याचा दर सापडला, फाइल वाचून झाली. आता अंदाज लिहायचा. ‘१७ टक्के’ असं लिहू नका. एवढी अचूकता कुणाकडेच नसते, अधिकाऱ्याकडेही नसते. मी चारच पट्टे वापरते: निम्म्याहून जास्त, तीन-चारांत एक, दहांत एक, विसांत एक किंवा त्याहून कमी. सुरुवात गठ्ठ्याच्या दरापासून करायची आणि मुलाची फाइल त्या गठ्ठ्यात ठळकपणे वर असेल तर एक पट्टा वर सरकायचं, खाली असेल तर खाली. दोन पट्टे वर सरकायचा मोह झाला, तर त्यासाठी कागदावर दाखवता येईल असं कारण हवं: आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडचं पदक, प्रशिक्षकाचा स्पष्ट शब्द, असं काहीतरी. ‘तिच्यात काहीतरी वेगळं आहे’ हे प्रेमाचं वाक्य आहे, मोजमापाचं नाही. आणि गठ्ठ्याचा दर दहा टक्क्यांच्या खाली असेल, तर ते विद्यापीठ कुणाचंही असो, रीचच.

हा अंदाज तिघांनी एकमेकांना न दाखवता लिहावा: एक पालक, स्वतः मूल आणि एक बाहेरची व्यक्ती. मग कागद एकत्र ठेवा. जिथे दोन पट्ट्यांचा फरक पडतो, तिथेच चर्चा करा. बहुधा असं कळतं, की एकाला विषयाचा गठ्ठा माहीत नव्हता.

मग यादीचा एकूण अंदाज. इथे एक गोड फसवणूक होते. पाच टक्क्यांची दहा विद्यापीठं घेतली आणि प्रत्येक निकाल स्वतंत्र धरला, तर कुठे ना कुठे प्रवेश मिळण्याची शक्यता ४० टक्के येते. ०.९५ला दहा वेळा गुणा, उत्तर ०.६० येतं, ते १ मधून वजा करा. पण निकाल स्वतंत्र नसतातच. दहाही ठिकाणी तोच उतारा, तीच शिफारसपत्रं, तोच मुख्य निबंध जातो. एका अधिकाऱ्याला जी गोष्ट फिकी वाटली, ती दुसऱ्यालाही वाटण्याची शक्यता मोठी. खरा आकडा ५ आणि ४० यांच्या मध्ये कुठेतरी असतो, आणि ज्याची फाइल गठ्ठ्यात उठून दिसत नाही, त्याच्यासाठी तो पाचच्या बाजूला झुकतो. विसावं रीच विद्यापीठ जोडून फारसं काही वाढत नाही. फक्त पुरवणी निबंधांचा, म्हणजे प्रत्येक विद्यापीठ वेगळे मागतं त्या निबंधांचा, दर्जा घसरतो.

म्हणून यादीची खरी ताकद मधल्या पट्ट्यात आहे. ‘तीन-चारांत एक’ची चार-पाच नावं मन लावून शोधा. या नावांवर घरात सर्वांत कमी वेळ जातो, आणि मुलं बहुधा शेवटी तिथेच जातात. ‘निम्म्याहून जास्त’ची किमान दोन नावं हवीत, आणि त्यांना तीन कसोट्या लावा: विषयाचा गठ्ठा धरूनही शक्यता मोठी आहे, पैसे परवडतात आणि मूल तिथे आनंदाने जाईल. यातली एक जरी नापास झाली, तरी ते नाव सेफ्टी नाही.

अंदाज एकदाच बांधून कपाटात ठेवायचा नाही. ऑक्टोबरात पक्के गुण आले की बदला, डिसेंबरात पहिला निकाल आला की पुन्हा बदला. अर्ली फेरीत एखाद्या मॅच, म्हणजे मधल्या पट्ट्यातल्या, विद्यापीठाने नाकारलं, तर उरलेल्या यादीतलं प्रत्येक नाव एक पट्टा खाली सरकवून बघा आणि मधल्या पट्ट्यात अजून पुरेशी नावं उरतात का ते तपासा. निर्णय पुढे ढकलला गेला असेल तर तो नकार नाही, पण नियमित फेरीच्या दरापेक्षा जास्त आशा धरू नका. प्रतीक्षा यादीचे आकडे सी २ मध्ये मिळतात. एकाच विद्यापीठाची पाच वर्षं शेजारी ठेवली, की एका वर्षी शेकडो आणि दुसऱ्या वर्षी शून्य असं दिसतं. त्यावर काहीही अवलंबून ठेवता येत नाही.

वेळापत्रकाचं एक शेवटचं. अर्ली फेरीचा निकाल डिसेंबरच्या मध्यावर लागतो आणि नियमित फेरीचे बरेच अर्ज १ जानेवारीच्या सुमारास द्यायचे असतात. मधे दोन आठवडे. नकार आलेल्या मुलाकडून त्या दोन आठवड्यांत आठ विद्यापीठांचे पुरवणी निबंध लिहून घेणं हा त्याच्यावर अन्याय आहे, आणि ते निबंध तसेच उतरतात. मधल्या पट्ट्यातल्या विद्यापीठांचे निबंध नोव्हेंबर संपायच्या आत लिहून, वाचून, पक्के करून ठेवा. अर्ली फेरीत प्रवेश मिळाला तर ते पाठवावे लागणार नाहीत. नाही मिळाला, तर त्या रात्री मुलाला जेवायला वाढा आणि झोपू द्या. सकाळी उघडायला तयार फाइल्स असतील.